कोरडं कापायचं नाही

माझे वडील फरशी बसवायचे. आधी शहाबादी, मग कोटा, मग ग्रॅनाइट, आणि शेवटी शेवटी त्या आरशासारख्या चकचकीत मोठ्या टाइल्स. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ठेकेदार आणि घरमालक मिस्त्री म्हणायचे.

अण्णांना हत्याराची फार पारख होती. शहागंजाजवळच्या हार्डवेअरच्या गल्लीत ते मला लहानपणी सोबत घेऊन जायचे. लेव्हलची पट्टी घ्यायची असली, की ती दुकानाच्या फळीवर ठेवून बघायचे आणि मग उलटसुलट फिरवून पुन्हा त्याच जागी ठेवायचे. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबला तरच पट्टी घ्यायचे. थापीला नखानं टिचकी मारायचे आणि कान जवळ नेऊन आवाज ऐकायचे. कटरचं ब्लेड उजेडाकडे धरून त्याची कड गोल फिरवून बघायचे. दुकानदार वैतागून म्हणायचा, "मिस्त्री, रिश्ता देख रहे क्या लडकी का?" अण्णा हसायचे, पण हातातलं खाली ठेवायचे नाहीत. घरात दुसऱ्या कुठल्याही वस्तूसाठी त्यांनी एवढा वेळ दिलेला मला आठवत नाही. स्वतःसाठी चप्पल घेताना तर पायात घालूनसुद्धा बघायचे नाहीत.

नाकातोंडाला ते दस्ती बांधायचे. दस्ती म्हणजे साधा मोठा रुमाल. ग्रॅनाइट कापताना पांढऱ्या भुकटीचा असा ढग उठायचा की खोलीत समोरचा माणूस दिसायचा नाही. संध्याकाळी घरी आले की भुवया, पापण्या, कानातले केस, सगळं पांढरं झालेलं असायचं. मी आणि धाकटा भाऊ ओट्यावर उभे राहून ओरडायचो, "अण्णा म्हातारे झाले." आई त्यांना अंगणातच उभं करायची, सदरा काढून घ्यायची आणि भिंतीवर आपटायची. मग ती भुकटी झाडून काढायची. रोजचंच होतं ते.

त्या कामाच्या पैशावर मी डी.एड. केलं. लासूर स्टेशनच्या पुढं एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मला नोकरी लागली. भावाचं बारावीत मन लागलं नाही. तो अण्णांबरोबर कामाला जायला लागला आणि दोन वर्षांत त्यांच्याइतकी सरळ रेघ कापायला लागला.

अण्णांचा खोकला कधी सुरू झाला ते कोणालाच नीट सांगता येत नाही. आई म्हणते, माझ्या लग्नाच्या आधीपासून होता. विहाराच्या चार पायऱ्या चढून ते थांबायला लागले तेव्हा आम्ही त्यांना वस्तीजवळच्या एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. छातीच्या फोटोत डाग दिसले म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. अण्णांनी त्या एकही दिवस न चुकवता घेतल्या. आईनं त्यांचं ताट-तांब्या वेगळा केला. त्यांनी नातवाला जवळ घेणं बंद केलं. पोरगा मांडीवर यायला लागला की हातानंच लांब करायचे. गोळ्यांचा कोर्स संपला, दम तसाच राहिला.

मग मी रजा काढून त्यांना सरकारी दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. भाऊ फाइल धरून मागं उभा होता. डॉक्टर बाई वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी नवा आणि जुना फोटो शेजारी शेजारी लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा, काम काय करता?"

तोपर्यंत हे कोणी विचारलं नव्हतं. आम्हीही कोणाला सांगितलं नव्हतं.

"फरशीचं," अण्णा म्हणाले. "ग्रॅनाइट, टाइल."

"कापायचं काम तुम्हीच करता? पाणी घालून की कोरडं?"

"कोरडं. पाणी घातलं तर चिखल होतो, घरमालक बोलतो."

"धूळ बाहेर जायला खिडकी वगैरे असायची का?"

"असायची की. कुठं असायची, कुठं नसायची."

बाईंनी सांगितलं की ही दगडाची धूळ आहे. ती फुप्फुसात जाऊन बसते आणि फुप्फुस हळूहळू कडक करत नेते. टीबी बहुधा नव्हताच. ती धूळ काढून टाकणारं औषध नाही, दम थोडा हलका करता येईल. हे सगळं त्या अण्णांकडे बघून सांगत होत्या. मग त्यांनी भावाकडे बघितलं. त्याच्या मनगटावरच्या केसांत पांढरं होतं, तो सकाळी अर्धा दिवस काम करून आला होता.

"हे काय करतात?"

भावानं हात फाइलखाली घेतला. मग अण्णाच म्हणाले, "तेच."

खिडकीचा प्रश्न बाईंनी अण्णांना विचारला होता, पण तो माझ्या डोक्यातून जाईना. लग्नानंतर आमचा फ्लॅट झाला तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा अण्णांनी आणि भावानं केला होता. ग्रॅनाइट कापायला त्यांनी मागची गॅलरी घेतली. तिला मी आधीच काचा बसवून घेतल्या होत्या, कबुतरं येतात म्हणून. कटर सुरू झाला आणि भुकटी हॉलमध्ये यायला लागली. नवे पडदे लावलेले होते. मी जाऊन गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि दाराखाली ओलं फडकं सारलं. काचेतून दोघं धूसर दिसत होते. दुपारी चहाला बाहेर आले तेव्हा अण्णा म्हणाले, "बरं केलं बाई दार लावलं. तुझा संसार खराब झाला असता." मी पाचवीला विज्ञान शिकवते. श्वसनसंस्थेचा तक्ता माझ्याच कपाटात असतो.

दवाखान्यातून आल्यावर मी ठरवलं, जे गेलं ते गेलं, भावाला तरी चांगली वस्तू घेऊन द्यायची. बीड बायपासला हार्डवेअरचं एक मोठं दुकान झालं होतं, मॉलसारखं. रविवारी भावाला घेऊन तिथं जायचं ठरवलं. निघताना बघते तर अण्णा धुतलेला सदरा घालून रिक्षाजवळ उभे.

"तुम्ही कशाला? दम लागंल," भाऊ म्हणाला.

"हत्यार घ्यायचं अन् मी नाय? तुला कळतं का त्यातलं?"

आत गार होतं. एकेका रांगेत नुसते ड्रिल, एका रांगेत नुसते नळ, पुढं टाइलचे नमुने उभे करून ठेवलेले. अण्णा ट्रॉलीचा दांडा धरून चालत होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, सामान ढकलतायत. खरं तर ते तिच्या आधारानं उभे होते. मधेच थांबले आणि पायाच्या अंगठ्यानं खालची टाइल दोनदा ठोकली.

"पोकळ बोलतीय," ते भावाला म्हणाले. "ऐकलं का? चारी कोपऱ्याला मसाला अन् मधी हवा. एवढं मोठं दुकान."

त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जुनं काहीतरी आलं होतं. लेव्हलच्या पट्ट्यांजवळ तर ते रमलेच. एक काढली, ठेवली, उलटी फिरवून पुन्हा ठेवली. "बराबर हाय," म्हणाले, आणि परत जागेवर लावून ठेवली.

कटरच्या विभागात एक मुलगी होती, दुकानाचा टी-शर्ट घातलेली. तिनं एक मशीन काढून दाखवलं. ब्लेडच्या बाजूला बारीक नळी होती, तिला पाण्याचा पाइप जोडायचा. कापता कापता पाणी पडत राहतं आणि धूळ उडण्याआधीच खाली बसते. शॉक बसू नये म्हणून प्लगला छोटी डबी होती. अण्णांनी मशीन हातात घेतलं, वजन तोललं, ब्लेड बसवायची जागा बोटानं फिरवून बघितली. वस्तू त्यांना पसंत पडली हे मला न बोलता कळलं.

मग तिनं मास्क काढला. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा रबराचा मास्क, दोन्ही गालांवर दोन गोल डब्या, मागं दोन पट्टे.

"सर, दगडाच्या धुळीला हाच लागतो. कापडी रुमाल काही अडवत नाही, बारीक धूळ आरपार जाते. या डब्या म्हणजे फिल्टर, भरल्या की बदलता येतात."

अण्णांना कोणी सर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी मास्क उलटा करून आतून बघितला.

"पोरी, हे कधीपासून मिळतंय?"

"मला इथं चार वर्षं झाली सर. त्याच्या आधीपासूनच आहे."

"अन् शहागंजात?"

"तिथंही मिळत असेल सर. जुनीच वस्तू आहे ही. पण फरशीवाले घेत नाहीत. कारखान्यातले घेतात, फर्निचरला स्प्रे मारणारे घेतात. फरशीवाले ब्लेड घेतात आणि जातात."

"आम्हीबी ब्लेडच घेतलं," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी मास्क स्वतःच्या तोंडाला लावला. पट्टे त्या मुलीनं मागून ओढून दिले. त्यांनी श्वास घेतला. म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला. त्या डब्यांमधून हवा ओढायला थोडा जोर लागतो, निरोगी माणसाला तो जाणवतसुद्धा नाही. अण्णांचे खांदे वर गेले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मोठे झाले. मी पट्टा खेचून मास्क खाली ओढला. मुलगी घाबरली, पळत जाऊन प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. अण्णा बराच वेळ गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. आजूबाजूनं लोक ट्रॉल्या घेऊन जात होते.

बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी मास्क भावाकडे दिला. "माझ्या कामाचं नाय हे आता. ह्याच्या मापाचं बघ."

मशीन घेतलं, मास्क घेतला, डब्यांचे जादा जोड घेतले. अण्णांनी भावाला परतीच्या रिक्षात एकच गोष्ट तीनदा सांगितली, "कोरडं कापायचं नाय."

भावानं पंधरा दिवस तसं केलंही. मग मी माहेरी आले तेव्हा मास्क खिळ्याला लटकलेला दिसला, स्वच्छ, नव्यासारखा. विचारलं तर चिडला. "ताई, तुला साइटचं काय माहीत? पाणी खाली झिरपतं, खालच्या मजल्याच्या पीओपीला डाग पडतात. सुपरवायझर म्हणतो, उद्यापासून दुसरा मिस्त्री बघतो. मास्क घालून माप ओरडून सांगता येत नाही. उन्हाळ्यात तोंडाला घाम सुटतो आत. अन् दहा जण कोरडं कापतात, मी एकटा मास्क घालून काय उपयोग, खोली तर तीच."

ह्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अण्णा खाटेवर पडून ऐकत होते.

त्यानंतर आठवड्याभरानं दुपारी शाळेत आईचा फोन आला. "तुझा बाप कुठं हाय? रोज सकाळी विहारात बसतो म्हणून जातेत. आज जेवायला आले नाय म्हणून मी बघायला गेले, तर तिथले म्हणतेत, चार-सहा दिवसांत इकडं फिरकलेच नाय."

मी हेडमास्तरांना सांगून निघाले. भाऊ फोन उचलत नव्हता. त्याची साइट चिकलठाण्याच्या बाजूला होती. मी तिथंच आधी गेले. लिफ्ट अजून बसलेली नव्हती, नुसता खड्डा होता, त्याला दोन फळ्या आडव्या लावलेल्या. तिसऱ्या मजल्यावरून कटरचा आवाज येत होता. जिन्यात विचारलं तर एक बिगारी म्हणाला, "मिस्त्रीचे वडील ना? हायेत वर. एकेका पायरीवर बसत बसत जातेत. सकाळी नऊला लागले की दहाला पोचतेत."

अण्णा खोलीच्या कोपऱ्यात पालथ्या बादलीवर बसले होते. मशीनला जोडायला वर नळ नव्हता, म्हणून हातात प्लास्टिकची बाटली, झाकणाला भोकं पाडलेली. भाऊ समोर उकिडवा बसून टाइल कापत होता आणि अण्णा वाकून ब्लेडवर पाण्याची धार धरत होते. भावाच्या तोंडाला मास्क होता. अण्णांच्या तोंडाला काहीच नव्हतं. खाली पांढरा चिखल झाला होता, तो अडवायला त्यांनी सिमेंटच्या गोण्यांचा बांध घातला होता.

मला बघून भावानं मशीन बंद केलं आणि मास्क काढला. त्याचे डोळे लाल होते.

"मी नको म्हणतोय ताई. पहिल्या दिवसापासून नको म्हणतोय. ऐकत नाहीत."

"अण्णा, हे काय चाललंय?"

अण्णांना एक वाक्य दोन श्वासांत बोलावं लागायचं. "त्यानं कोरडं कापलं," ते म्हणाले, आणि थांबले. "तर धूळ आधी माझ्या छातीत जाईल. म्हणून इथं बसलोय. मी हाय तवर तो पाणी घालतो."

मी भावाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली.

"डॉक्टरनी काय सांगितलं तुम्हाला? धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलं ना?"

"माझं काय ऱ्हायलंय त्यात जायचं," अण्णा म्हणाले. "तू जा. शाळा सोडून कामून आलीस?"

त्या दिवशी मी त्यांना खाली आणलं. तीन मजले उतरायला आम्हाला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. आईनं रडून बघितलं, मी फोनवरून ओरडून बघितलं. आणखी काही दिवस ते तसेच जात राहिले. शेवटी सुपरवायझरनंच भावाला सांगितलं की म्हाताऱ्याला काही झालं तर आमच्या गळ्यात येईल, उद्यापासून गेटवर थांबवतो. गेटवरच्या माणसानं त्यांना दोन वेळा परत पाठवलं. दुसऱ्या वेळी ते तिथंच वाळूच्या ढिगाजवळ दुपारपर्यंत बसून राहिले आणि मग रिक्षा करून घरी आले. त्यानंतर ते बाहेर पडले नाहीत.

पुढचं लवकर झालं. घरात ऑक्सिजनचं मशीन आणलं. त्याची नळी नाकाला आणि नजर दाराकडे, असे ते उशा लावून बसलेले असायचे, कारण आडवं होता येत नव्हतं. भाऊ कामावरून आला की त्याला जवळ बोलवायचे आणि त्याचा हात उलटा करून मनगट बघायचे, पांढरं आहे का. मग कान बघायचे. एकदा कानामागं भुकटी सापडली. नुसतं बोट त्याला दाखवलं. भाऊ उठून मोरीत गेला आणि कितीतरी वेळ बाहेर आला नाही.

एका मंगळवारी सकाळी, आई चहा गाळत असताना, अण्णा गेले. मशीन चालूच होतं. आईला आवाजावरून कळलंच नाही, कारण घरात आवाज तेवढा मशीनचाच असायचा.

पुण्यानुमोदनाला विहारात माणूस मावत नव्हता. ठेकेदार आले होते, शहागंजातला तो दुकानदारही आला होता, तो आता पार वाकला आहे. विहाराची फरशी अण्णांनीच बसवली होती, एक पैसा न घेता. वंदना झाली, दोन-तीन जण त्यांच्या कामाबद्दल बोलले. हात किती सरळ होता, एक टाइल कधी उखडली नाही, असं सगळं. कशानं गेले ते कोणी बोललं नाही. बऱ्याच जणांना अजूनही टीबीच वाटतो. दुकानदारानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बीमारी क्या थी बेटा?" मी सांगितलं. "मेरी दुकान में भी मास्क था," म्हणाला. "कोई पूछताच नहीं था, तो मैं भी बोलता नहीं था." मी त्याला पाणी दिलं.

भावानं त्यानंतर ठेकेदाराला सरळ सांगितलं, कापीन तर पाणी घालूनच, नाहीतर नाही. ठेकेदारानं वाद घातला नाही, नुसतं बोलावणं बंद केलं. महिना-सव्वा महिना तो घरी होता. मग बिडकीनकडे नवी घरं होतायत, तिथं सुटीसुटी कामं मिळायला लागली. अंगण असलं की तो बाहेर बसून कापतो आणि तुकडे आत नेतो. काम निम्मं होतं. त्याची बायको आता शेजारच्या बायकांच्या साड्या पिको-फॉलला घेते.

छातीचा फोटो काढ म्हणून मी त्याच्या मागं लागले होते. दिवाळीनंतर बघू म्हणाला, मग भीमजयंती होऊ दे म्हणाला. एकदा म्हणाला, "कळून काय करू? दुसरं काय येतं मला?" शेवटी मी सुट्टीच्या दिवशी स्कूटी घेऊन त्याच्या दारात उभी राहिले, तेव्हा आला.

त्याच डॉक्टर बाई होत्या. त्यांनी फोटो उजेडावर लावला आणि आम्हाला बसा म्हणाल्या. वरच्या बाजूला दोन्हीकडे बारीक बारीक ठिपके होते. अण्णांच्या फोटोतल्यासारखे मोठे नाहीत, ज्वारीच्या कण्यांएवढे. बाई म्हणाल्या, लवकर सापडलं आहे. धूळ आजपासून बंद करा, दरवर्षी येऊन दाखवत जा.

"बंद केलं तर थांबंल का?" भावानं विचारलं.

"थांबेल असं वचन देता येत नाही. काहींचं तरीही वाढतं. पण चालू ठेवलं तर नक्की वाढेल."

त्यानं मान हलवली, जशी तो घरमालकाचं ऐकताना हलवतो. फोटोचं पाकीट माझ्याकडे दिलं. "आईला दाखवू नको," एवढंच म्हणाला.

बायपासला आल्यावर त्यानं माझ्या खांद्याला हात लावला आणि स्कूटी थांबवायला सांगितली. मला वाटलं, त्याला बोलायचं असेल. तो उतरला आणि घड्याळ बघितलं.

"मी इथून शेअर रिक्षानं जातो," तो म्हणाला. "सकाळी हौदात टाइल भिजत घातल्यात. मालक दुपारी बघायला येणार हाय."

"आज नको जाऊस."

"बाथरूमचंच हाय. थोडंसंच कापायचंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाणी घालूनच."

बिडकीनची रिक्षा आली, आधीच भरलेली होती. तो ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा बाहेर असा बसला. मी पाकीट डिकीत ठेवलं. ते दुमडलं जात होतं, म्हणून परत काढलं आणि पदराखाली धरून एका हातानं गाडी चालवत घरी आले.